घरचे कसब : बरणीच्या डोक्यावर खणाचा तुकडा

मागील खेपेस जुन्या स्वेटरची लोकर उसवून, धुऊन तिचे पुन्हा गुंडे कसे करावेत हे आपण पाहिले. त्या कामात वीतभर लांबीचे तुकडे हमखास उरतात. ज्या भगिनींनी ते केरात न टाकता एखाद्या पुडीत जपून ठेवले असतील, त्यांच्या दूरदृष्टीचे आज चीज होणार आहे. कारण आजचा विषय आहे रिकाम्या काचेच्या बरण्या, चिंध्या आणि शिवणाचे किरकोळ सामान. या तिन्ही गोष्टी प्रत्येक घरात असतात, आणि बहुधा तिन्ही नको त्या जागी असतात.

शिवणाची खोली असा शब्द काढला की मासिकांतील रंगीत चित्रे डोळ्यांसमोर येतात. आमच्याकडे शिवणाची खोली म्हणजे मागच्या खोलीतील खिडकीखालची पाच फूट जागा. तेथे पायाचे मशीन, एक स्टूल, भिंतीला एक फळी, आणि त्या फळीवर कित्येक वर्षे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा विराजमान होता. बटणे, हूक, टिचबटणे, टाचण्या, बॉबिने, अंगुस्तान, खडूचे तुकडे, तुटक्या इलॅस्टिकच्या गुंडाळ्या हे सारे त्यात एकत्र कुटुंबासारखे नांदत. हूक हवा असला की आधी टाचणी बोटात शिरायची, मग बटण हाताला लागायचे, आणि हूक मिळेपर्यंत चहा निवून जायचा. तरी तो डबा कोणी बदलला नाही, कारण तो सासूबाईंचा होता, आणि त्यांना त्यातील प्रत्येक जिनसाचा ठाव ठाऊक होता.

भिलाईचे आणि त्या डब्याचे वय साधारण एकच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. माझे सासरे त्यानंतर थोड्याच काळात येथे नोकरीस लागले, आणि १९६३ साली सासूबाई वर्ध्याहून नववधू म्हणून आल्या. वर्धा-नागपूरकडच्या माणसाला दुर्ग जिल्हा तेव्हा परका वाटत नसे. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिला, आणि २००० साली त्याच तारखेला आम्ही छत्तीसगडचे झालो. सासूबाई म्हणतात, "मी जागची हलले नाही, राज्यच माझ्या घरून निघून गेले." शेजारच्या छत्तीसगढी बाई साडीला लुगरा म्हणतात हे ऐकून त्यांना येथे पहिल्याच दिवशी माहेरी आल्यासारखे वाटले होते.

सेक्टरातल्या त्या क्वार्टरांत बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, उडिया अशी सारी कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहत. सासूबाईंनी मशीन घेतले आणि शेजारणींच्या मुलींचे फ्रॉक शिवून देऊ लागल्या. शिलाईचे पैसे बहुधा मिळत नसत, उरलेला तुकडा मात्र मिळे. त्यांच्या गाठोड्यात म्हणून आजही बंगाली तांताच्या साडीची किनार आहे, मल्याळी मुंडूची सोनेरी जरीची पट्टी आहे, चांप्याच्या कोशाचा भरड तुकडा आहे, बस्तरच्या पनका विणकरांच्या आलाच्या मुळीने रंगवलेल्या तपकिरी-लाल काठाचा तुकडा आहे. आणि तळाशी, त्यांच्या आईच्या चोळीचा, गुळेदगुड्डचा जांभळा खण आहे. हे गाठोडे त्यांच्याबरोबर क्वार्टरातून स्मृतिनगरच्या आताच्या घरी आले. सासरे निवृत्त झाले, मग गेले. मशीन चालूच राहिले.

सात-आठ वर्षांपूर्वी सासूबाईंना काचबिंदू झाल्याचे निघाले. मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन नावांमुळे पुष्कळ घरांत घोटाळा होतो, म्हणून विषय सोडून दोन शब्द लिहिते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलता येते आणि दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीरच झिजते, बहुतेक वेळा डोळ्यातील दाब वाढल्यामुळे. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचे दिसणे जाते आणि समोरचे पुष्कळ काळ शाबूत राहते, त्यामुळे माणसाला कळतही नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली मात्र थेंबांनी, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा विकार आहे, त्यांनी चाळिशीनंतर नेत्रवैद्याकडून डोळ्याचा दाब आणि शीर दोन्ही तपासून घेतलीच पाहिजेत. आमच्या घरी ह्यांची आणि नणंदेची तपासणी झाली ती सासूबाईंचे निदान झाल्यावर. ती दहा वर्षे आधी व्हायला हवी होती.

समोरचे दिसत होते तोवर सासूबाई शिवत राहिल्या. कडेचे दिसेना तेव्हा कोपर लागून वस्तू पडू लागल्या. एका दुपारी तो पत्र्याचा डबाच फळीवरून खाली आला. मी स्वयंपाकघरातून धावत गेले तो त्या जमिनीवर बसून तळहाताने फरशी चाचपत होत्या. बटणे खाटेखाली, कपाटाखाली, दारापर्यंत गेली होती. माझा नातू तेव्हा रांगता होता, आणि त्या त्याच्या भीतीने घाईघाईने सुया गोळा करीत होत्या. एक सुई त्यांच्या तळहातात मोडली. ती काढायला दवाखान्यात जावे लागले. ते दुखणे आठ दिवसांत बरे झाले. पण घरी आल्यावर त्यांनी मशीनवर झाकण घातले आणि झाकणावर फुलदाणी ठेवली. मशीनवर फुलदाणी ठेवली की ते मशीन राहत नाही, टेबल होते. मला त्या फुलदाणीकडे पाहवत नसे.

मी मनाशी ठरवले की सामान नीट लावले तर त्या पुन्हा बसतील. घरात रिकाम्या बरण्यांना तोटा नव्हता. जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या, आणि माळ्यावर हॉर्लिक्सच्या जुन्या जाड काचेच्या चार, सासूबाईंनीच जपलेल्या. आमच्या आजीच्या पिढीत काचेची बरणी फेकणे म्हणजे पितळी तांब्या फेकण्यासारखेच मानले जाई. काच तेव्हा बहुतेक परदेशातून येई. ती येथेच व्हावी म्हणून अंताजीपंत काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. टिळकांचे त्याला पाठबळ होते. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, कारखाना काढला आणि त्या ठिकाणाचे नावच ओगलेवाडी झाले. प्रभाकर कंदिलाची काच ज्यांच्या घरी पुसली गेली असेल त्यांना अधिक सांगायला नको. काच पुन्हा वितळवून तिची नवी वस्तू करता येते, आणि कितीही वेळा करता येते हे खरे. पण वितळवायला सुमारे १५०० अंश सेल्सियसची भट्टी पेटवावी लागते. भट्टी म्हणजे काय हे भिलाईकरांना कोणी शिकवायला नको. बरणी धुऊन फळीवर ठेवायला मात्र एक तांब्या पाणी पुरते.

बरण्या मी धुतल्या, वाळवल्या आणि बाजारातून फुलाफुलांचे गुलाबी चीट आणून बाराही बरण्यांना गळ्यापासून तळापर्यंत अंगरखे शिवले. झाकणांना त्याच कापडाच्या झालरी, झालरींना पांढरी लेस. रात्री फळीवर मांडल्या तेव्हा मलाच माझे कौतुक वाटले. एखाद्या लग्नातल्या करवल्या जणू ओळीने उभ्या होत्या.

सकाळी सासूबाईंना हाताला धरून तेथे नेले. त्यांनी एकेक बरणी हातात घेतली, झालर चाचपली, परत ठेवली. सगळ्या झाल्यावर म्हणाल्या, "छान केलेस हो. पण आता मला सांग, यातली कोणती कोण? पूर्वी डबा एक होता, आता अनोळखी डबे बारा झाले."

मला वाईट वाटले हे कबूल करते. पण दुपारी भांडी लावताना लक्षात आले की त्यांचे बोलणे अक्षरशः खरे होते, आणि केवळ त्यांच्यापुरते नव्हे. काचेचा मोठा गुण म्हणजे तिच्यातून आतले दिसते. तोच मी गुलाबी चिटाने झाकून टाकला होता. डोळसालाही बारा बरण्या उघडून पाहाव्या लागल्या असत्या. आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी कापडाचा रंग निरर्थक. त्याला कापडाचा पोत हवा. मी सजावट केली होती पाहुण्यांसाठी, शिवणाऱ्या बाईसाठी नव्हे.

बोटांनी वाचण्याची लिपी देणारा लुई ब्रेल पॅरिसजवळच्या कूव्रे गावी १८०९ साली एका खोगिराच्या कारागिराच्या घरी जन्मला. तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या जागी आरीशी खेळताना ती त्याच्या डोळ्यात गेली. तो डोळा गेला आणि पुढे दुसराही गेला. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी रचली. ही हकीकत सासूबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी टिंबांपेक्षा आरीबद्दलच अधिक विचारले. "ती कोणी उघडी ठेवली होती?" हा त्यांचा प्रश्न. अधूनमधून त्या तळहाताच्या जुन्या व्रणावरून अंगठा फिरवीत होत्या. ऐंशीच्या घरात नवी लिपी शिकण्याची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी मला एवढेच सांगितले, "ते गाठोडे काढ माझे."

पुढची तीन दुपारे आम्ही दोघी चटईवर बसलो होतो. त्या एकेक तुकडा बोटांत घ्यायच्या, चोळायच्या, आणि कोणाचा ते सांगायच्या. दहापैकी नऊ वेळा बरोबर. मग बरणी ठरायची. हुकांच्या बरणीला खण, कारण हूक चोळीचेच, आणि खणाच्या बारीक बुट्ट्या नखाला लागतात. रेशमी दोऱ्याच्या रिळांना कोसा. शर्टाच्या बटणांना सासऱ्यांच्या कामावरच्या विजारीचे जाड ड्रिल. टिचबटणांना मखमल, जिच्यावरून बोट उलटे फिरवले की ते अडते. इलॅस्टिक आणि नाड्यांना खरखरीत गोणपाट. पांढऱ्या दोऱ्याला धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे आणि काळ्या दोऱ्याला त्याच लुगड्याचा तुकडा, पण वर दोन गाठी मारलेला. बॉबिनांना तांताची किनार. सुयांना काय द्यावे यावर त्या पुष्कळ वेळ थांबल्या. शेवटी म्हणाल्या, सुयांच्या झाकणाला कापड नकोच. त्याचा थंडगार पत्रा बोटाला लागला की हात आपोआप सावध होईल. असे मला सुचले नसते.

आता कृती सांगते. बरणी धुताना थंड बरणीत एकदम उकळते पाणी ओतू नये. आतली बाजू फुगते, बाहेरची फुगत नाही, आणि काच तडकते. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर बुडवून ठेवावी. कागदी लेबल बहुधा तेवढ्याने सुटते; जो चिकट डाग मागे राहतो तो गोडेतेल आणि खाण्याचा सोडा यांच्या लेपाने चोळला की जातो. लोणच्याचा वास काचेत राहत नाही, तो झाकणाच्या आतल्या चकतीत राहतो. ती चकती काढता येत असेल तर काढून जाड पुठ्ठ्याची नवी घालावी. येत नसेल तर मोहरीची पूड ओली करून रात्रभर लावून ठेवावी. तरीही वास गेला नाही तर ती बरणी रेशमी दोऱ्यासाठी घेऊ नये, बटणांसाठी घ्यावी. काठाला बारीकशी टवका उडालेली बरणी कितीही गोड दिसली तरी मोह धरू नये.

धुण्यापेक्षा वाळवणे महत्त्वाचे. रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या या गावात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर घरातली सुई गंजते, ही आमची जुनी थट्टा आहे. बरणी आणि झाकण वेगवेगळे करून दोन कडक उन्हे द्यावीत आणि दुपारच्या उन्हातच झाकण लावावे, संध्याकाळच्या दमट हवेत नव्हे. नव्या चपलांच्या खोक्यात जी पांढरी छोटी पुडी येते ती हवेतील ओल शोषून घेते. सुयांच्या आणि हुकांच्या बरणीत ती एकेक टाकावी. तांदूळ घालण्याची पूर्वीची चाल मी करून पाहिली. ओल फारशी गेली नाही, पोरकिडे मात्र झाले.

झाकणाच्या टोपीचे माप असे घ्यावे. झाकणाचा व्यास, त्यात झाकणाच्या उंचीची दुप्पट मिळवावी, आणि दुमडीसाठी आणखी २ सेंटिमीटर. म्हणजे झाकण ७ सेंटिमीटर रुंद व दीड सेंटिमीटर उंच असेल तर कापडाचे वर्तुळ १२ सेंटिमीटर व्यासाचे होईल. कडा १ सेंटिमीटर आत दुमडून तुरपावी, त्या पोकळीतून बारीक इलॅस्टिक ओवावे आणि टोपी झाकणावर चढवावी. झाकणाच्या खालच्या कडेच्या आत कापड जाता कामा नये. गेले तर आटे बसत नाहीत, झाकण वाकडे लागते, आणि एके दिवशी झाकण हातात व बरणी जमिनीवर असा प्रसंग येतो. मखमल, गोणपाट यांसारख्या जाड कापडाला दुमड जाड होते; तेथे कडेला तिरक्या पट्टीची गोट लावून तिच्यात इलॅस्टिक घालावे.

पुष्कळ भगिनी कापड चिकटवून टाकतात. घाईचे काम असेल तर माझी हरकत नाही. फेव्हिकॉल पाण्याने किंचित पातळ करून ब्रशने लावले तर सुती कापडावर डाग उमटत नाही, कोशावर आणि खणावर मात्र उमटतो. (हे फेव्हिकॉल १९५९ सालचे, म्हणजे आमच्या पहिल्या झोतभट्टीच्याच वर्षीचे, येथे जुनी मंडळी हे मोठ्या कौतुकाने सांगतात.) कणकेची खळ मात्र वापरू नये. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते आणि मागोमाग कसर येते. पूर्वी पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालीत, पण ते विष आहे, आणि लहान मूल हाती येईल ते तोंडात घालते. शिवाय चिकटवलेले कापड धुता येत नाही. बोटांनी वारंवार चाचपायचे झाकण पंधरा दिवसांत मळते. इलॅस्टिकची टोपी काढली, साबणात खंगाळली, की झाले.

बरणीच्या अंगाला कापड लावायचे असेल तर ते फक्त खांद्याखाली चार बोटे रुंदीच्या पट्टीने लावावे. हात तेथे धरतो, म्हणून पकड मिळते. आणि सामान तळाशी असते, म्हणून ते दिसत राहते. बरणी गळ्यापर्यंत भरण्याचा आग्रह नसावा. अर्धी भरलेली बरणी हलवली की बोलते: बटणे भरड खुळखुळतात, हूक किणकिणतात, लाकडी रिळे घुमतात. प्लॅस्टिकच्या डब्यात हा फरक इतका ऐकू येत नाही. प्लॅस्टिक फुटत नाही हे मला मान्य आहे, आणि ज्या घरात मुले फळीवर चढतात तेथे तेच वापरावे. आम्ही काच ठेवली, कारण वजनामुळे ती धक्क्याने चटकन सरकत नाही, आणि सासूबाईंना आवाज हवा होता.

लोकरीच्या तुकड्यांचे काम आता आले. एका रुंद झाकणावर ते गच्च भरून, वरून घट्ट विणीचे जाड कापड ताणून बसवले की टाचण्यांची उशी होते. कापसाची उशी करू नये. कापूस ओल धरतो आणि टाचण्या आतल्या आत गंजतात. लोकरीत थोडा नैसर्गिक स्निग्धांश असतो, तो टाचणीला मानवतो. मात्र उशी पक्की दाबून भरावी. सैल उशीत सुई पुरती आत शिरते आणि मग ती उशी नसून दबा धरून बसलेला विंचू असते.

बरण्या नुसत्या फळीवर ठेवल्या नाहीत. सुताराकडून दोन बोटे उंच कठडा असलेली लाकडी परात करून घेतली, ती कमरेच्या उंचीवर बसवली, आणि प्रत्येक बरणीची जागा कायमची ठरवली. काचबिंदूत कडेचे दिसत नाही, म्हणून कठडा. रंगांमधला फरकही मंद होतो, म्हणून मशीनच्या पाटावर आम्ही दोन कापडे ठेवतो, एक पांढरे, एक काळे. गडद दोरा ओवायचा तर खाली पांढरे, फिकट दोरा तर काळे. ज्या सुयांच्या नाकाला वरून खाच असते आणि दोरा दाबला की आत जातो, त्या बाजारात मिळतात. डोळे चांगले असणाऱ्यांनीही एकदा वापरून पाहाव्यात. शिवण सरळ जावी म्हणून मशीनच्या पट्टीवर दाबाच्या पायापासून एका बोटावर जाड चिकटपट्टीचे चार थर लावले आहेत. कापडाची कडा तिला टेकवून चालवली की टीप वाकडी जात नाही.

दोन सूचना राहिल्या. शिवणात गेलेली बरणी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये; तळाला अडकलेली टाचणी साखरेत कोणाला दिसणार? आणि घड्याळात किंवा खेळण्यात जे गोल बटणासारखे सेल असतात ते बटणांच्या बरणीत कधीही टाकू नयेत. मुलाने बटण गिळले तर बहुधा ते निघून जाते, पण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजते. सेल किंवा सुई पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

परात लागली त्या दिवशी मी मुद्दाम काही बोलले नाही. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी झोपेतून उठले तो मागच्या खोलीतून किणकिण ऐकू आली, मग शांतता, मग पुन्हा किणकिण. दारातून पाहिले. फुलदाणी जमिनीवर होती. सासूबाई डाव्या हाताने झाकणांवरून बोटे फिरवीत होत्या: गोणपाट, मखमल, ड्रिल, खण. खणाशी थांबल्या. बरणी न उचलता नुसता त्याच्यावर हात ठेवून बसल्या. हूक घ्यायचा होता की आईची चोळी हातात घ्यायची होती हे मी विचारले नाही. थोड्या वेळाने चाक फिरले.

तेव्हापासून त्यांनी चार दुपटी आणि एक गोधडी शिवली आहे. टीप कोठे कोठे नागमोडी जाते. त्या बोटाने चाचपून बघतात आणि चुकली असेल तर स्वतःच उसवतात. मी उसवते म्हटले तर रागावतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली असता ह्यांच्या शर्टाचे बटण तुटले आणि मी काळोखात त्या परातीपाशी गेले. ड्रिल समजून गोणपाट उचलला आणि मुठीत इलॅस्टिक आले. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "डावीकडून तिसरी गं."

माझे गुलाबी अंगरखे उसवून त्यांच्या पिशव्या केल्या; दळणाला उपयोगी पडतात. परातीत आता एका बरणीची जागा रिकामी आहे, कारण टिकल्या आणि मणी अजून कागदाच्या पुडीतच आहेत. त्यांच्यासाठी सासूबाईंनी मुंडूची जरीची पट्टी काढून ठेवली आहे आणि रोज सकाळी न्याहारीच्या वेळी विचारतात, "जॅम संपला का गं?" नातू हल्ली पोळीवर दोन बोटे जाड जॅम लावतो. मी बघते आहे, पण बोलत नाही.